गुणाकार येतो ना? मग झालं तर!

डॉक्टर, ओपीडीतल्या गर्दीला कंटाळला असाल तर कोर्टाची वाट धरा. तज्ज्ञ साक्षीदार व्हा. पेशंट आठ दिवसांनी परत येऊन "गुण नाही आला" म्हणतो. कोर्टात ती कटकट नाही. तुमच्या साक्षीचा ज्याला गुण येतो तो गजाआड असतो, तक्रार घेऊन येणार कुठून?

गुरू करायचाच तर इंग्लंडचे बालरोगतज्ज्ञ सर रॉय मेडो यांना करा. सॅली क्लार्क नावाच्या सॉलिसिटर बाईंचं पहिलं बाळ डिसेंबर १९९६ मध्ये अकरा आठवड्यांचं असताना गेलं, दुसरं जानेवारी १९९८ मध्ये आठ आठवड्यांचं असताना. आईवर खुनाचा खटला उभा राहिला. मेडो साहेबांनी ज्यूरीला सांगितलं, की सुखवस्तू, सिगारेट न ओढणाऱ्या घरात बाळ असं अचानक दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक. मग दोन बाळं? ८,५४३ गुणिले ८,५४३. सात कोटी तीस लाखांत एक! वर घोड्यांच्या शर्यतीचा दाखलाही दिला. ८० ला १ भावाचा घोडा ग्रँड नॅशनलमध्ये लागोपाठ चार वर्षं जिंकावा, तसं हे.

यातली मेख नीट समजून घ्या. केसपेपर लिहिताना तुम्ही काय विचारता? "घरात आणखी कुणाला आहे का हो?" बापाला दमा म्हटलं की पोराच्या छातीला स्टेथोस्कोप जरा जास्त वेळ लावता. कोर्टाची पायरी चढताना ही सवय खाली चपलांपाशी ठेवून जायची. तिथे दोन सख्खी भावंडं एकमेकांची कुणी लागत नाहीत. त्यांचं रक्त वेगळं, घर वेगळं, हवासुद्धा वेगळी. तरच गुणाकार जमतो. शिवाय आईनेच दोन बाळांना मारणं किती दुर्मिळ, हा आकडा चुकूनही काढू नका. लॉटरी लागण्याची शक्यता कोटीत एक, म्हणून लागली त्याला चोर ठरवत नाहीत, हे ज्यूरीला सुचलं तर पंचाईत.

नोव्हेंबर १९९९ मध्ये ज्यूरीने दहा विरुद्ध दोन मतांनी बाईंना दोषी धरलं. जन्मठेप. ऑक्टोबर २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने या आकड्याला संख्याशास्त्राचा आधार नाही असं जाहीर केलं. करू देत. तुम्ही बालरोगतज्ज्ञ, संख्याशास्त्र हा काही तुमचा विषय नव्हे. (हे वाक्य साक्षीच्या आधी म्हणायचं नसतं, नंतर म्हणायचं असतं.)

शवविच्छेदनाच्या खात्यात असाल तर तुमच्यासाठीही धडा आहे. दुसऱ्या बाळाच्या नमुन्यांत जंतू सापडल्याचे रिपोर्ट होते, पण ते बचावपक्षापर्यंत पोचलेच नाहीत. कुणी विचारलं नाही तर आपण कशाला तोंड उघडा? जानेवारी २००३ मध्ये या दडलेल्या कागदांमुळे शिक्षा रद्द झाली. तोवर बाईंची तीन वर्षं तुरुंगात गेली होती.

एक धोका मात्र खरा आहे, आज्यांचा. २००३ मध्येच तृप्ती पटेल यांच्यावर तीन बाळांच्या खुनाचा खटला चालला. तिथेही सरकारी बाजूने मेडो साहेब होतेच. पण तृप्तींची आजी भारतातून उठून आली आणि माझीही पाच मुलं तान्हेपणीच गेली, असं कोर्टात सांगून बसली. कसला आकडा नाही, आलेख नाही. ज्यूरीने तृप्तींना निर्दोष सोडलं. तेव्हा साक्षीला जाण्याआधी आरोपीची आजी हयात आहे का, एवढं तेवढं पाहून ठेवा.

आता जबाबदारीचं. घाबरू नका. जुलै २००५ मध्ये जनरल मेडिकल कौन्सिलने मेडोंचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं. फेब्रुवारी २००६ मध्ये हायकोर्टाने ते परत घातलं. साक्षीबद्दल कौन्सिलने डॉक्टरला जाब विचारायचाच नाही, न्यायाधीशाने तक्रार पाठवली तरच विचारायचा, असं वर बजावलं. ऑक्टोबरमध्ये अपील कोर्ट म्हणालं, असं कवच बिवच काही नाही, जाब विचारता येतो. पण चूक झाली तरी हे गंभीर गैरवर्तन नव्हे. दोन विरुद्ध एक मतांनी नाव नोंदवहीत कायम.

म्हणजे नाव निघालं, नाव आलं, सगळा हिशेब सव्वा वर्षात मिटला.

सॅली क्लार्क मार्च २००७ मध्ये अतिमद्यपानाने गेल्या. बेचाळीस वर्षांच्या होत्या.