मॉर्मन ख्रिस्ती नाहीत? एका फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. आधी आमच्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) ग्रुपवर आला, मग नातेवाइकांच्या ग्रुपवर, आणि परवा एका हिंदू मित्राने "हे खरं का रे?" म्हणून मलाच पाठवला. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: पांढरा शर्ट घालून, छातीवर नावाची काळी पट्टी लावून जोडीजोडीने फिरणारे मॉर्मन प्रचारक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात ही निव्वळ फसवणूक आहे. त्यांचं बायबल वेगळं. ते आपला संस्थापक जोसेफ स्मिथ याला भजतात. अनेक बायका करतात. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) न मानता अनेक देव मानतात. शिवाय व्हॅटिकनने २००१ मध्येच 'हे ख्रिस्ती नव्हेत' असा निकाल दिलेला आहे. सबब मॉर्मन हा इस्लामसारखा वेगळाच धर्म.

मी मॉर्मन नाही. रविवारी उभं राहून मतांगीकार (आपला विश्वास सांगणारा ठरलेला पाठ) म्हणणाऱ्या घरात वाढलोय आणि मॉर्मन शिकवणुकीतलं बरंचसं मला पटत नाही. पण एखादी शिकवण न पटणं वेगळं आणि ती मानणाऱ्याला घराण्यातूनच नाव काढून टाकणं वेगळं. मेसेजात या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे, आणि तीही अर्धवट माहितीवर.

आधी बायबल. 'त्यांचं बायबल वेगळं' हे वाक्य चूक आहे. मॉर्मन तेच बायबल वाचतात, जुना करार आणि नवा करार दोन्ही. इंग्रजीत तर चारशे वर्षांपूर्वीचं किंग जेम्स भाषांतर अजून वापरतात. त्याच्या जोडीला ते आणखी तीन ग्रंथ पवित्र मानतात, त्यातला मुख्य 'बुक ऑफ मॉर्मन'. न्यूयॉर्क राज्यातल्या एका टेकडीत सोन्याचे पत्रे सापडले आणि दैवी साहाय्याने आपण त्यांचं भाषांतर केलं, असं जोसेफ स्मिथचं म्हणणं. हे पुस्तक मार्च १८३० मध्ये पाल्मायरा गावात छापलं गेलं, आणि ६ एप्रिलला फेएट इथे त्याने आपली मंडळी स्थापन केली.

ग्रंथांची संख्या हा निकष लावायचा तर आपल्यातच पंचाईत आहे. प्रोटेस्टंटांच्या बायबलात ६६ पुस्तकं, कॅथलिकांच्या ७३, इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स मंडळीत ८१. यावर कुणी म्हणेल की ती सगळी पुस्तकं निदान प्राचीन तरी आहेत, एकोणिसाव्या शतकात छापखान्यातून निघालेली नाहीत. हा आक्षेप रास्त आहे. त्याहून पुढे जाऊन मी म्हणेन की इतिहास म्हणून 'बुक ऑफ मॉर्मन' उभंच राहत नाही. प्राचीन काळी जेरुसलेमहून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबाची आणि त्यातून वाढलेल्या लढाऊ राष्ट्रांची ही कथा, पण पुरातत्त्वात तिला आधार नाही, आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची डीएनए तपासणी पूर्व आशियाकडे बोट दाखवते. तरीही प्रश्न शिल्लक राहतोच: चुकीचा इतिहास मानणारा माणूस ख्रिस्ती राहत नाही, असं कुठे लिहिलंय? या पुस्तकाच्या मुखपृष्ठामागच्या पानावरच त्याचा हेतू दिलाय: येशू हाच ख्रिस्त आहे हे यहुद्यांना आणि परराष्ट्रीयांना (यहुदी नसलेल्यांना) पटवणं. कथेचा कळसही तोच. पुनरुत्थित येशू अमेरिकेत अवतरतो आणि डोंगरावरचं प्रवचन जवळपास शब्दशः पुन्हा सांगतो. या पुस्तकावर नक्कल केल्याचा आरोप करता येईल, पण ख्रिस्त वगळल्याचा येणार नाही.

दुसरा मुद्दा जोसेफ स्मिथच्या भक्तीचा. त्यांच्या उपासनेला एकदा जाऊन बसलेला माणूस हे लिहिणार नाही. प्रार्थना पित्याला, येशूच्या नावाने. दर रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, फक्त द्राक्षारसाऐवजी पाणी. बाप्तिस्मा पाण्यात पूर्ण बुडवून, 'पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने'. स्मिथला ते संदेष्टा मानतात, आणि त्याचं कौतुक कधीकधी फारच होतं हेही खरं. त्याच्या स्तुतीचं एक गीत त्यांच्या गीतपुस्तकात आहे आणि ते मोठ्या हौसेने गायलं जातं. जून १८४४ मध्ये इलिनॉय राज्यातल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्याला गोळ्या घातल्या. त्यानंतर लिहिलेला एक मजकूर त्यांच्या धर्मग्रंथात आहे. त्यात म्हटलंय की या जगातल्या माणसांच्या तारणासाठी जोसेफइतकं कुणी केलं नाही, एकट्या येशूखेरीज. मला हे वाक्य अतिशयोक्तीचं वाटतं. पण शोकाच्या भरात, एवढी अतिशयोक्ती करतानाही लिहिणाऱ्याला तो अपवाद घालावासा वाटला.

बायकांचं लवकर आटपतो. बहुपत्नीत्व होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. स्मिथला तीस-चाळीस बायका होत्या हे त्यांच्या मंडळीने २०१४ मध्ये स्वतःच मान्य केलं. स्मिथनंतर मॉर्मन जिथे स्थायिक झाले त्या युटामध्ये १८५२ मध्ये ही प्रथा उघडपणे जाहीर झाली, १८९० मध्ये मंडळीचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी ती थांबवत असल्याचं जाहीर केलं, १९०४ मध्ये आणखी कडक बंदी आली. आज एक बायको असताना दुसरी करणाऱ्याला मंडळीतून काढून टाकतात. बातम्यांत दिसणारे अनेक बायकांचे पंथ या मंडळीपासून केव्हाच फुटलेले आहेत. आणि हा निकष जुन्या कराराला लावला तर अब्राहाम, याकोब, दावीद सगळेच बाहेर जातील.

योगायोग असा की त्याच १८५२ मध्ये ह्यू फिन्डले नावाचा एक मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याला गेला. तिथे त्याने छोटीशी शाखाही उभी केली. इतर मिशनऱ्यांचा विरोध होताच, त्यात बहुपत्नीत्वाची बातमी इकडे पोहोचली, आणि काही वर्षांतच हे मिशन बंद पडलं. म्हणजे मॉर्मन ख्रिस्ती आहेत का, हा वाद पुण्याला नवा नाही. फक्त तेव्हा तो पत्रकांतून आणि वर्तमानपत्रांतून चालायचा.

आता खरा मुद्दा, त्रैक्याचा. इथे मेसेज लिहिणाऱ्याच्या हाती बळकट हत्यार होतं, पण त्याने ते उलटं धरलं. 'मॉर्मन मेल्यावर प्रत्येकाला एकेक ग्रह मिळतो असं मानतात' असल्या चेष्टेत त्याने अर्धा परिच्छेद घालवलाय. प्रत्यक्ष शिकवण याहून गंभीर आहे आणि मतभेदही याहून खोल आहे.

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन स्वतंत्र व्यक्ती आहेत, त्यांची इच्छा आणि हेतू एक आहे, पण तत्त्व एक नाही, असं मॉर्मन मानतात. पित्याला हाडामांसाचं शरीर आहे असं त्यांच्या ग्रंथात स्पष्ट लिहिलंय. १८४४ मध्ये, मृत्यूच्या जेमतेम तीन महिने आधी, स्मिथने एका दफनविधीनिमित्तच्या भाषणात सांगितलं की देव एके काळी आपल्यासारखा माणूस होता. पुढे मंडळीचे अध्यक्ष झालेल्या लोरेन्झो स्नो यांनी हाच विचार त्याआधीच दोन ओळींत मांडला होता: माणूस आज जसा आहे तसा देव एकदा होता, आणि देव आज जसा आहे तसा माणूस होऊ शकतो. इ.स. ३२५ मध्ये निकीयाच्या परिषदेने 'पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे' असं ठरवलं, त्याच्याशी हे जुळत नाही. माणसाने देवासारखं होण्याची भाषा प्राचीन मंडळीतही आहे. चौथ्या शतकातला बिशप अथानासियस याचं 'आपण देव व्हावं म्हणून तो माणूस झाला' हे वचन मॉर्मन आवडीने सांगतात. पण अथानासियसच्या लेखी निर्माता आणि निर्मिती यांच्यातली भिंत कायम राहते. स्मिथने ती भिंतच काढली. हा फरक किरकोळ आहे असं मी म्हणणार नाही.

मग मी त्यांना ख्रिस्ती का म्हणतो? कारण ख्रिस्ती हा शब्द आपण इतरांच्या बाबतीत निकीयाच्या गजाने मोजत नाही. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, ही एरियसची शिकवण निकीयाने धिक्कारली, तरी ती मानणाऱ्या गॉथ या जर्मन टोळ्यांच्या लोकांना प्रत्येक इतिहासकार 'एरियन ख्रिस्ती' म्हणतो. त्यांच्या उल्फिलासने बायबल गॉथिक भाषेत आणलं. फक्त 'येशूच्या नावाने' बाप्तिस्मा देणारे, त्रैक्य नाकारणारे पेंटेकॉस्टल आहेत. त्यांना चुकलेले म्हणतील, पण दुसऱ्या धर्माचे कुणी म्हणत नाही. आणि आपल्या घरातलं उदाहरण हवं तर मुक्तिफौज (सॅल्व्हेशन आर्मी) घ्या. १८८२ मध्ये मुंबईत आलेली, नगरमध्ये दवाखाना चालवणारी मुक्तिफौज बाप्तिस्माही देत नाही आणि प्रभुभोजनही करत नाही. तिच्या लोकांना ख्रिस्ती नाही म्हणायची आमच्या ग्रुपवर कुणाची छाती आहे?

इथे इस्लामची तुलना आणली जाते: मुसलमानही येशूला मानतात, त्यांच्याकडेही नंतरचा ग्रंथ आहे, मग तेही ख्रिस्ती का? उत्तर सोपं आहे. कुराण येशूला पैगंबर मानतं, पण तो देवाचा पुत्र आहे हे आणि त्याचं क्रुसावरचं मरण नाकारतं. मॉर्मन दोन्ही मानतात, आणि त्याच्या मरणाने व पुनरुत्थानाने तारण मिळतं हेही मानतात. मुसलमान स्वतःला ख्रिस्ती म्हणवतही नाहीत.

याहून वजनदार तुलना मेसेजमध्ये नाही, ती मीच देतो. मॉर्मन इतिहासाच्या अभ्यासक जॅन शिप्स यांची मांडणी अशी की पहिल्या शतकात ख्रिस्ती मंडळी यहुदी धर्मातून जशी वेगळी झाली, तसे मॉर्मन ख्रिस्ती परंपरेतून वेगळे होत आहेत: जुना ग्रंथ ठेवून, वर नवा ग्रंथ आणि नवी कथा चढवून. ही तुलना मला बराच काळ पटत होती. आता पटत नाही, कारण गाडी उलट दिशेने चालली आहे. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी काही पिढ्यांतच यहुदी ही ओळख मागे टाकली. मॉर्मनांनी १९८२ मध्ये आपल्या ग्रंथाला 'येशू ख्रिस्ताचा आणखी एक करार' असं उपशीर्षक जोडलं, २०१८ मध्ये 'मॉर्मन' हे नावच वापरू नका, मंडळीच्या नावातला ('चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स') येशू ख्रिस्त गाळू नका, असा आग्रह धरला, आणि २०२० मध्ये बोधचिन्हात ख्रिस्ताचा पुतळा आणला. प्यू संस्थेच्या २०११ च्या पाहणीत अमेरिकेतल्या ९७ टक्के मॉर्मनांनी आपला धर्म ख्रिस्ती असल्याचं सांगितलं. मॉर्मन धर्म ख्रिस्ती आहे असं म्हणणारे सर्वसाधारण अमेरिकनांत मात्र निम्म्याच्या आसपास होते.

शिवाय स्मिथचा मूळ दावाच पाहा. प्रेषितांच्या मृत्यूनंतर मंडळी भरकटली आणि देवाने ती आपल्या हातून पूर्ववत केली, असं तो म्हणतो. सगळे मतांगीकार देवाला तिटकारा आणणारे आहेत असंही तो म्हणतो, आणि ते वाचून माझ्यासारख्याला राग येतो. पण हे भांडण घरातल्या वारसाचं आहे. परक्या माणसाला पडकं घर दुरुस्त करण्याचा हट्ट नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत धर्मजागृतीचं जे उधाण आलं होतं, त्यातच स्मिथ वाढला. आपल्या अमेरिकन मराठी मिशनचे लोकही त्याच उधाणाचे. ते १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये नगरला स्थिरावले, म्हणजे स्मिथच्या मंडळीनंतर पुढच्याच वर्षी.

राहिला व्हॅटिकनचा निकाल. जून २००१ मध्ये श्रद्धा-शिकवणविषयक विभागापुढे प्रश्न होता: या मंडळीने दिलेला बाप्तिस्मा वैध आहे का? उत्तर आलं, 'नाही'. खाली सही कार्डिनल राट्झिंगर यांची, जे पुढे पोप बेनेडिक्ट झाले. प्रश्न बाप्तिस्म्याचा होता, धर्माच्या वर्गवारीचा नव्हता. तरी हा निकाल हलका नाही. शब्द आणि हेतू योग्य असतील तर अख्रिस्ती माणसाच्या हातचा बाप्तिस्माही रोम मान्य करतं. तेव्हा इथे 'नाही' म्हणण्याचा अर्थ असा की ते तीन शब्द मॉर्मन उच्चारतात तेव्हा त्यांच्या मनातला पिता, पुत्र आणि आत्मा वेगळा असतो. त्यामुळे मॉर्मन माणूस कॅथलिक झाला तर त्याला नव्याने बाप्तिस्मा द्यावा लागतो. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट या प्रोटेस्टंट मंडळीनेही २००० मध्ये असंच ठरवलं. हा त्या मंडळ्यांचा हक्क आहे, आणि मी मॉर्मनांच्या जागी असतो तर तक्रार केली नसती. कारण कॅथलिक, मेथडिस्ट किंवा आमच्यासारखा कुणी मॉर्मन झाला तर तेही त्याला पुन्हा पाण्यात उतरवतातच.

मित्राला मी एवढंच लिहिलं: ख्रिस्ती आहेत, पण आमच्या मतांगीकारात बसत नाहीत. त्याला हे पटलं असावं, कारण लगेच पुढचा प्रश्न आला: "मग ते चहा का पीत नाहीत?" स्मिथच्या १८३३ च्या एका प्रकटीकरणात 'गरम पेयं' वर्ज्य सांगितली आहेत आणि त्याचा अर्थ चहा-कॉफी असा लावला गेला, हे त्याला सविस्तर सांगायचंय. शनिवारी भेटतोय, चहाला.