ताप कुणी उतरवला?

भाऊ, तुमचं म्हणणं असं: जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याला मेडिकलवरच्या दोन दिवसांच्या पुडीने ताप जातो, अँटिबायोटिकचा (जंतू मारणाऱ्या औषधाचा) पूर्ण कोर्स म्हणजे कंपन्यांचा धंदा, आणि रेझिस्टन्स म्हणजे शरीराला औषधाची सवय.

आधी ही सवय बघू. शरीराचा त्यात काही संबंध नाही, बदलतात ते जंतू, औषधाला दाद देईनासे होतात. अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक जंतूला त्याची भिंत बांधू देत नाही. आपल्या पेशींना तशी भिंतच नसते. (व्हायरसलाही नसते, म्हणून सर्दीवर ते वाया.) काही जंतू मात्र अशा औषधाचे तुकडे करणारं एन्झाइम बनवतात. ते १९४० मध्येच सापडलं, पेनिसिलिन (अमॉक्सिसिलिनच्याच घराण्यातलं जुनं औषध) दुकानात यायच्या आधी. म्हणजे कंपन्यांनी ते जन्माला घातलं नाही. आपण बाकीचे जंतू मारतो आणि या जंतूंना रान मोकळं करून देतो.

आता पुडी. त्यात बहुतेक वेळा एक पॅरासिटामॉल किंवा डायक्लोफेनॅक (अंगदुखीची गोळी), एक अँटिबायोटिक, कधी स्टेरॉईडसुद्धा. तासाभरात घाम फुटून ताप उतरतो तो पॅरासिटामॉलने. जंतू जागेवरच, पण नाव होतं रंगीत कॅप्सूलचं. अमॉक्सिसिलिन रक्तात साधारण तासाभरात निम्मं होतं, म्हणून ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल आठ-आठ तासांनी देतात. दुपारची चुकली म्हणून रात्री दोन घेतल्या तरी मधला वेळ जंतूंचाच. सगळं अनुकूल असेल तर ई. कोलाय हा आतड्यातला जंतू २० मिनिटांत दुप्पट होतो. ८ तासांत एकाचे दीड कोटींच्या वर! अझिथ्रोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक पेशींत कित्येक दिवस टिकतं, म्हणून त्याच्या तीन गोळ्या चालतात. तो हिशेब अमॉक्सिसिलिनला लावू नका.

कोर्सबद्दल तुमचं अर्धं खरं आहे. न्यूमोनियाला बऱ्याचदा ५ दिवस पुरतात, उगाच लांबवलं तर पोटातले निरुपद्रवी जंतूही रेझिस्टंट होतात. टीबीची नेहमीची औषधं मात्र ६ महिने. दिवस आजारावर ठरतात, ताप उतरण्यावर नाही.

पुडीतल्या डायक्लोफेनॅकची मला जास्त काळजी वाटते. मे महिन्यात रावेर-यावलकडे दिवसभर केळीचे घड वाहायचे आणि संध्याकाळी "आंग दुखस, गोयी दे". दुखणं वाढवणारं प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातलंच रसायन ही गोळी बंद करते. पण अंगातलं पाणी कमी झालं की किडनीचा रक्तपुरवठा तेच प्रोस्टाग्लँडिन सांभाळत असतं. लघवी कमी आणि गडद होत असेल तर ही गोळी नकोच. आधी पाणी, ओआरएस. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल ५०० ची एक, धडधाकट मोठ्या माणसाला दिवसात आठच्या वर कधीच नाही, आणि पुडीत आधीच असेल तर तीही त्यात मोजा.

मोजण्यासाठी नाव कळायला हवं, म्हणून सुट्या गोळ्या घेऊ नका, पट्टी मागा. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं.