कॅलेंडरवरची लक्ष्मी, अजब बंगला आणि मारबत

कॅलेंडर, सिनेमाचं पोस्टर, मंडळाचा गणपती यांना कोणी ‘कला’ म्हटलं की काही जाणकार मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांच्या लेखी कला म्हणजे काचेमागे ठेवलेली वस्तू, आणि ती बघायची तर आधी चार जाडजूड पुस्तकं वाचून. मला हे मुळीच पटत नाही. नागपूरच्या माणसाने कलेचा बराचसा इतिहास येता-जाता पाहिलेला असतो. त्याला कोणी तसं सांगितलेलं नसतं, एवढंच.

देवघरातली लक्ष्मी घ्या. कमळावर उभी, चार हात, मागे हत्ती. आज आपल्या डोळ्यांपुढे येते ती लक्ष्मी बरीचशी राजा रविवर्म्याची. त्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. जर्मनीहून यंत्रं आणली, कारागीरही तिकडचे. छपाई दगडावरून व्हायची: एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करायचा आणि त्याच कागदावर एकामागून एक रंग चढवायचे. एखादा दगड केसभर सरकला की देवीच्या ओठांचा रंग थेट हनुवटीवर! रविवर्म्याची मूळ तैलचित्रं राजवाड्यांत राहिली, पण हे छापील कागद खेडोपाडी गेले. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही भिंतीवर देव आले. याला ‘बाजारू’ म्हणायचं तर म्हणा बाप्पा, पण मग गेल्या सव्वाशे वर्षांत आपल्या लोकांनी देव कसे पाहिले हे कुठून शिकणार?

गंमत पुढेच आहे. ते कमळ आणि ते हत्ती रविवर्म्याचे नाहीतच. मध्य प्रदेशातल्या सांचीच्या स्तूपाच्या तोरणांवर कमळातली देवी आहे आणि दोन बाजूंनी दोन हत्ती तिला न्हाऊ घालताहेत. ही तोरणं साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. काही अभ्यासक तिला गजलक्ष्मी म्हणतात, तर काही बुद्धाची आई महामाया. म्हणजे वाण्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवरून निघालेला माणूस दोन उड्यांत सांचीला पोचतो.

आणि सांची नागपूरकराला परकी कशी असेल? दीक्षाभूमीचा स्तूप सांचीवरूनच घेतलाय. २००१ साली त्याचं उद्घाटन झालं. फरक बघण्यासारखा आहे. सांचीचा स्तूप आतून भरीव, माणसाने बाहेरून प्रदक्षिणा घालायची. दीक्षाभूमीचा घुमट पोकळ, माणसं आत जातात, बसतात. जिथे १९५६ साली लाखो लोक एकत्र आले, तिथे भरीव स्तूप बांधून कसं चाललं असतं? जुना आकार घेतला आणि त्याचं पोट माणसांसाठी रिकामं केलं. वास्तुकलेच्या वर्गात यावर अख्खा तास घेता येईल. इथे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला येणारी आजी तो आकार डोळ्यांत साठवून घरी नेते.

सांचीच्या दक्षिण तोरणावर एक छोटा लेख आहे. त्यात म्हटलंय, हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंती कारागिरांनी केलं. मला तो फार आवडतो. राजाचं नाव, दात्याचं नाव सगळीकडे असतं. इथे काम करणाऱ्या हातांनी आपलं गाव आणि धंदा लिहून ठेवला.

बरं, संग्रहालयातली वस्तू तरी सगळी स्वतःच्या गुणावर मोठी होते का? मोनालिसा १९११ साली पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून चोरीला गेली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तिचा फोटो छापला आणि लोक रांगा लावून भिंतीवरची रिकामी जागा बघायला गेले! दोन वर्षांनी ती सापडली तेव्हा घराघरांत पोचलेली होती. चित्र थोर आहेच, पण ही प्रसिद्धी पेपरवाल्यांची. त्याच लूव्रमध्ये २०१८ साली बियॉन्से आणि जे-झी या अमेरिकी गायक जोडप्याने गाण्याचा व्हिडिओ केला. संग्रहालयाने नाक मुरडलं नाही. उलट व्हिडिओत दिसलेल्या चित्र-शिल्पांचा एक फेरफटकाच आखून दिला. पोरं गाण्यासाठी आली आणि चित्रांपुढे उभी राहिली. मला यात काही पाप दिसत नाही.

आता आपला अजब बंगला. सिव्हिल लाइन्समधलं हे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ पासूनचं. आपल्यापैकी बहुतेकांनी ते शाळेच्या सहलीत पाहिलंय आणि लक्षात काय राहिलं, तर पेंढा भरलेले प्राणी. पोट्ट्यांनी प्राणीच बघावेत, काही बिघडत नाही. पण मोठं झाल्यावर एकदा मूर्ती, शिलालेख आणि नाणी बघायला जा. सगळं एका फेरीत उरकायचं मात्र नाही. एक दालन निवडा आणि एका मूर्तीपुढे दहा मिनिटं थांबा. केस कसे बांधलेत, कंबरपट्टा कसा आहे, वस्त्राची चुणी कुठे पडते, एवढंच बघा. (आपल्याकडच्या बहुतेक संग्रहालयांतल्या पाट्या ‘विष्णू, दगड’ एवढ्यावर थांबतात. पाट्यांची वाट बघू नका.)

कारण त्या दगडांमागची गोष्ट इथलीच आहे. अजिंठ्याच्या पुष्कळशा लेणी विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक राजांच्या काळात झाल्या. सोळाव्या लेण्यातला लेख हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचा, आणि हरिषेणाची गादी वत्सगुल्मची, म्हणजे आपल्या वाशिमची. दुसरी शाखा नंदिवर्धनची, म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. तिथे गुप्त घराण्यातल्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक प्रभावतीगुप्ता हिने मुलगे लहान असताना कारभार पाहिला. नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली आहे. मनसरला सापडलेलं पाचव्या शतकातलं बुटकं, ढेरपोटं, हसऱ्या चेहऱ्याचं शिवाचं शिल्प आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या डोक्यावरच्या केसांचा थाट बघा. त्या काळच्या शौकिनाची फॅशन शिल्पकाराने सरळ देवाला चढवली.

म्हणूनच नागपूरच्या महाल भागात, मूर्तिकारांच्या चितार ओळीत खांद्यावर शिवलिंग घेतलेला, सिनेमातल्या नायकासारखा पिळदार गणपती दिसला की मला राग येत नाही. सगळेच गणपती काही सुंदर नसतात, काही भयंकर असतात. पण देवाला आजचा पोशाख, आजचं शरीर देणं ही जुनी खोड आहे.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. आपल्या शहराचं सगळ्यात मोठं प्रदर्शन तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, रस्त्यावर निघतं. काळी मारबत, पिवळी मारबत हे बाईच्या रूपातले मोठे पुतळे आणि सोबत बडगे, म्हणजे टिंगल करणारे पुतळे. बांबू, कागद, कापड आणि रंग. महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षी लोकांच्या डोक्यात गेलेला जो कोणी असेल तो. ‘घेऊन जा गे मारबत’च्या आरोळीत सगळं जातं आणि शेवटी जाळलं जातं. जाळलंच पाहिजे, ते त्यासाठीच असतं. पण नोंद? मारबतीची परंपरा एकोणिसाव्या शतकातली आहे. कोणत्या साली कोणाचा बडग्या निघाला, कोणत्या मोहल्ल्याने केला, तोंड कोणी रंगवलं, हे ओळीने लिहिलेलं मला अजून कुठे मिळालेलं नाही. राजकीय व्यंगचित्रांचे संग्रह निघतात आणि दोन माणसांच्या उंचीचं व्यंगचित्र मात्र नोंदीविना राख होतं.

तर, ज्यांच्या घरी जुने अल्बम असतील त्यांनी मारबतीचे आणि बडग्यांचे फोटो खाली टाका. फोटो पुसट असला तरी चालेल. फक्त साल आणि मोहल्ला लिहा, आणि बनवणाऱ्याची परवानगी असेल तर त्याचं नावही.