म्हणे, पायथनचा शेल म्हणजे टाइमपास!

आमच्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोट्ट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. म्हणणं असं, की पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा शेल (तीन बाणांपुढे एक ओळ लिहायची, एंटर मारलं की लगेच उत्तर) हा नुसता टाइमपास आहे. कामाचे लोक तो उघडतही नाहीत, त्यात लिहिलेलं सगळं उडून जातं. तेव्हा आधी भारी लॅपटॉप घ्या, कोड लिहायचा एडिटर टाका, मगच पायथनच्या नादी लागा.

लॅपटॉपचं आधी घेतो, कारण त्या एका वाक्यानं पोरं सुरुवातच करत नाहीत. शाळेतल्या कोपऱ्यात पडलेल्या विंडोज ७ च्या डब्यावरही पायथन ३.८ चालतं. त्यापुढचं चालत नाही आणि ३.८ ला आता दुरुस्त्याही मिळत नाहीत, पण शिकायला काही अडत नाही. सोबत आयडल हे पायथनचंच छोटं एडिटर येतं, ते उघडलं की समोर शेलच. तेही नसेल तर अँड्रॉइड मोबाईलवर टर्मक्स हे अ‍ॅप टाका आणि त्यात पायथन. नेट लागतं ते उतरवून घेताना, नंतर टॉवर गेला तरी चालतं.

कामाचे लोक उघडत नाहीत? पायथनच्या अधिकृत ट्युटोरियलमधली उदाहरणंच त्या तीन बाणांनी सुरू होतात. फर्नांडो पेरेझ या शास्त्रज्ञांनी २००१ साली याच शेलची सुधारित आवृत्ती, आयपायथन, सुरू केली आणि पुढे ज्युपिटर नोटबुक (कोड आणि त्याचं उत्तर एकाच पानावर दाखवणारं साधन) त्यातूनच आलं. २०२४ मध्ये पायथन ३.१३ आलं तेव्हा त्यात नवा शेल दिला. टाइमपाससाठी एवढी मेहनत कोण घेतं बाप्पा?

आता मेसेजवाल्याला जे माहीतच नाही ते. शेल उत्तर जसंच्या तसं दाखवतो, अवतरणचिन्हांसकट. हे करून पाहा (‘वजन’सारखी, मूल्य ठेवायची नावं मराठीत चालतात, आकडे मात्र इंग्रजीच टाका):

>>> वजन = '12'
>>> वजन * 3
'121212'

छत्तीसऐवजी हे का आलं ते त्या दोन चिन्हांवरून कळतं: वजन हा आकडा नाही, मजकूर आहे. फाईलमध्ये प्रिंट (उत्तर पडद्यावर दाखवायची आज्ञा) वापरलं असतं तर नुसतं 121212 दिसलं असतं आणि तेवढ्या क्विंटलचा कापूस कुठून आला हे शोधत बसलो असतो.

याहून बारीक भानगड पिकांच्या यादीत होते. दोन ओळींत ‘पऱ्हाटी’ लिहिलंय, डोळ्यांना एकसारखं, पण पायथन म्हणतं शब्द वेगळे. एकानं मोबाईलच्या कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ वापरलेला असतो, दुसऱ्यानं साधा र घेऊन मध्ये न दिसणारा जोडक (अक्षरं जोडायचं चिन्ह) टाकलेला असतो. प्रिंट हा फरक गिळून टाकतो. शेलमध्ये तो शब्द ज्या नावात ठेवलाय ते नुसतं नाव लिहून एंटर मारा, दुसऱ्या शब्दाच्या पोटातून बॅकस्लॅश आणि यू२००डी असा कोड बाहेर येतो. शब्दामागे चुकून राहिलेली मोकळी जागाही अशीच पकडली जाते, कारण ती शेवटच्या अवतरणचिन्हाच्या आत दिसते.

उडून जातं, हे मात्र अर्धं खरं आहे. शेल बंद केला की ठेवलेली मूल्यं गेली, आणि मध्येच लाईन गेली तर टाइप केलेल्या ओळीही हाती लागतीलच असं नाही. पण नीट बाहेर पडलात तर लिनक्स आणि टर्मक्सवर टाइप केलेल्या ओळी पुढच्या वेळी वरच्या बाणानं परत मिळतात. आयडलमध्ये तर अख्खी खिडकी फाईल म्हणून सेव्ह होते.

आणि फाईल की शेल, असं एकच निवडायला सांगितलंय कोणी? फाईल चालवताना तिच्या नावाआधी वजाचं चिन्ह आणि लहान आय हे अक्षर (-i) जोडा. काम संपल्यावर पायथन बंद न होता तुम्हाला शेलमध्ये सोडतं, फाईलमधली सगळी नावं हाताशी. एरर येऊन फाईल मध्येच थांबली तरी तसंच, आणि कोणत्या नावात काय शिरलं ते तिथंच विचारता येतं.