दारी आलेल्याची सरबराई

आपल्या हाती कधीकाळी एखाद्या देशाची सीमा आलीच, तर जीव मुठीत धरून आश्रय मागायला आलेल्यांची सरबराई कशी करावी, हे वाचकांनी अमेरिकेच्या दक्षिण सीमेवरून शिकून घ्यावे.

तेथील कायद्यानुसार देशाच्या भूमीवर असलेल्या कोणालाही, तो अधिकृत नाक्यातून आलेला असो वा नसो, आश्रयासाठी अर्ज करता येतो. याने गांगरून जाऊ नये. पाऊलच पडू दिले नाही की झाले. नाक्याच्या अलीकडेच "आज जागा नाही" असे सांगावे. २०१८ साली सीमेला लागूनच्या मेक्सिकोतील तिहुआना शहरात ताटकळणाऱ्यांच्या नंबरांची वही आश्रय मागणारेच सांभाळत, म्हणजे कारकुनाचा पगारही वाचला.

तरीही कोणी आत शिरलाच, तर आईबापांवर खटला भरावा आणि मुले भलत्याच गावी धाडावीत. कोणते मूल कोणाचे, याची धड नोंद ठेवण्याच्या फंदात पडू नये. (परीट कपड्यांवर खूण करतो, कारण त्याला गिऱ्हाइकाला तोंड द्यायचे असते.) जून २०१८ मध्ये न्यायालयाने मुले परत करण्याचे फर्मान काढले, तेव्हा आईबाप हुडकण्याचे काम सुरू झाले.

कोठडी अशी गार ठेवावी की, आतल्यांनीच तिला 'इयेलेरा', म्हणजे बर्फपेटी, म्हणावे. पांघरायला, डब्यात पोळ्या गुंडाळतो तसल्या चंदेरी कागदासारखे काहीतरी द्यावे आणि रात्रभर दिवे चालू ठेवावेत, म्हणजे ते निदान चकाकेल.

राहता राहिला साबण. कोठडीतल्या मुलांना 'सुरक्षित आणि स्वच्छ' जागेत ठेवावे, असे सरकारनेच एका खटल्यात मान्य केलेला १९९७ चा फ्लोरेस करार सांगतो. पण त्यात साबण आणि दात घासायचा ब्रश यांचा नामोल्लेख नाही, हे सरकारी वकिलांनी जून २०१९ मध्ये अपील न्यायालयाच्या बरोबर लक्षात आणून दिले. चूक झाली ती एवढीच की, समोरच्या तीन न्यायाधीशांपैकी न्या. वॉलेस ताशिमा यांचे बालपण दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या लोकांसाठी उभारलेल्या अमेरिकी छावणीत गेले होते. असला युक्तिवाद करण्यापूर्वी न्यायाधीशांची लहानपणची चौकशी करून ठेवावी. ऑगस्टमध्ये निकाल लागला, साबण स्वच्छतेतच मोडतो असा. तेव्हा पुढचा करार लिहून घेताना 'स्वच्छ' हा शब्दच गाळावा.