उपकरण देशी आहे, पण तिसऱ्या वर्षी ते चालू आहे का?

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशातला वैद्यकीय उपकरणांचा उद्योग खरोखर वाढला आहे, आणि सरकारी रुग्णालयांतील यंत्रांच्या देखभालीचे काम करणारा माणूस म्हणून मला त्याचा मनापासून आनंद आहे. फरीदाबादच्या पट्ट्यात तयार होणाऱ्या सिरिंज जगभर जातात, सुरत आणि वापी येथे बनलेले हृदयाचे स्टेंट परदेशांतही वापरले जातात, विशाखापट्टणमला केवळ वैद्यकीय उपकरणांसाठी उभारलेले संकुल 2018 पासून चालू आहे, आणि मार्च 2020 मध्ये कोरोना चाचणीचे पहिले भारतीय किट मंजूर झाले ते पुण्याच्या कंपनीचे होते. तरीही या यशाचे मोजमाप आपण कारखान्याच्या दाराशीच थांबवतो, ही माझी तक्रार आहे. उपकरण रुग्णाच्या उशाशी किती वर्षे नीट चालले, हा हिशेब कोणी मांडत नाही.

आधी परिस्थिती समजून घेऊ. गरजेच्या सुमारे 70 ते 80 टक्के उपकरणे आपण आयात करतो, असा आकडा वर्षानुवर्षे सांगितला जातो. ही आयात सर्व प्रकारांत सारखी नाही. सलाइनचे सेट, कॅथेटर, रुग्णालयातील खाटा, स्टेंट, अस्थिरोगातील इम्प्लांट यांत आपण भक्कम आहोत. सीटी, एमआरआय, सोनोग्राफी आणि चांगल्या दर्जाचे व्हेंटिलेटर या बाबतीत मात्र नाही. ‘भारतात निर्मित’ अशी पाटी असलेले एक्स-रे यंत्र उघडले, तर स्टँड, टेबल आणि बाहेरचा सांगाडा आपला असतो. पण एक्स-रे ट्यूब आणि डिजिटल डिटेक्टर, म्हणजे ज्यांच्यावर प्रतिमेचा दर्जा ठरतो ते भाग, बहुतेक वेळा बाहेरून आलेले असतात. जुळणीला मी कमी लेखत नाही. अनेक देशांनी सुरुवात तिथूनच केली. मात्र जुळणी करणाऱ्याला सुटा भाग परदेशातून मागवावा लागत असेल, तर यंत्र बंद पडल्यावर रुग्णालयाची वाट पाहणे संपत नाही.

धोरणाच्या बाजूने बरेच काही झाले आहे. 2015 मध्ये या क्षेत्रात शंभर टक्के थेट परकीय गुंतवणूक खुली झाली, 2020 मध्ये उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनासाठी 3,420 कोटी रुपयांची योजना आली, आणि 2023 च्या राष्ट्रीय धोरणाने 11 अब्ज डॉलरचे हे क्षेत्र 2030 पर्यंत 50 अब्ज डॉलरवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. माझ्या मते या सर्वांपेक्षा महत्त्वाचे आहेत ते 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम. त्यांनी धोक्याच्या प्रमाणानुसार उपकरणांचे अ, ब, क, ड असे वर्ग केले, आणि ऑक्टोबर 2023 पर्यंत टप्प्याटप्प्याने सर्व वर्ग परवाना किंवा नोंदणीच्या कक्षेत आले. त्याआधी मोजकी अधिसूचित उपकरणे सोडली तर बाकीच्यांवर फारसे बंधनच नव्हते. लहान उत्पादकांना या नियमांचा खर्च जड जातो, हे खरे आहे, आणि तपासणीच्या शुल्कात त्यांना सवलत मिळायला हवी. नियम सैल करण्याच्या मागणीला मात्र माझा ठाम विरोध आहे. 2010 मध्ये जगभरातून परत मागवल्या गेलेल्या एका परदेशी कृत्रिम खुब्याच्या सांध्यामुळे आपल्या देशातील रुग्णांना किती सोसावे लागले आणि भरपाईसाठी किती वर्षे झगडावे लागले, हे विसरून चालणार नाही.

उत्तम भारतीय उपकरण कसे घडते, याचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे उदाहरण तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत तयार झालेल्या कृत्रिम हृदयझडपेचे आहे. हृदय वर्षाला सुमारे पावणेचार कोटी वेळा धडधडते, म्हणजे झडपेची चकती तितक्या वेळा उघडून मिटली पाहिजे, झिजता कामा नये, आणि तिच्यावर रक्ताची गुठळीही धरता कामा नये. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखालील चमूची आधीची प्रारूपे अपयशी ठरली, साहित्य बदलावे लागले, मेंढ्यांवर प्रयोग झाले, आणि डिसेंबर 1990 मध्ये ती झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवली गेली. शल्यचिकित्सक, धातुशास्त्रज्ञ आणि अभियंते एकाच आवारात काम करत होते आणि अपयश पचवण्याइतका वेळ व पैसा संस्थेने दिला होता, म्हणून हे साधले. आज नवउद्योजकाकडे कल्पना असते, प्रारूपही असते. पण ते रुग्णांवर रीतसर तपासून पाहण्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयाचे दार उघडत नाही. पुराव्याविना डॉक्टर विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यात डॉक्टरांचे काहीच चुकत नाही.

आता मी रोज पाहतो त्याबद्दल. एका ग्रामीण रुग्णालयात कोपऱ्यात चादर टाकून ठेवलेला देशी व्हेंटिलेटर होता. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, “सर, तो अलार्म देतो म्हणून आम्ही लावतच नाही.” उघडून पाहिले तर फक्त फ्लो सेन्सर, म्हणजे हवेचा प्रवाह मोजणारा भाग, गेलेला होता. यंत्राच्या किमतीपुढे त्या भागाची किंमत किरकोळ. परंतु वॉरंटी संपली होती, देखभालीचा करार झालेला नव्हता, पुरवठादाराचा फोन लागत नव्हता आणि सुटा भाग घेण्यासाठी अंदाजपत्रकातील खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली पैसे टाकायचे हे कार्यालयाला ठरवता येत नव्हते. अशा यंत्राचा अनुभव एकदा आला की त्या वॉर्डात पुढची अनेक वर्षे देशी यंत्राचे नाव घेतले तरी नकार मिळतो. वास्तविक हा दोष बहुतांशी खरेदीच्या पद्धतीचा आहे. निविदेत सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळते, आणि तो दर गाठताना पहिली कात्री लागते ती सेवेला. त्यामुळे तालुक्यापर्यंत अभियंता पाठवणारा प्रामाणिक भारतीय उत्पादक हरतो.

मध्यस्थांच्या नफ्याचा प्रश्नही यात गुंतलेला आहे. जून 2021 मध्ये ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवरील, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या यंत्रावरील, व्यापारी नफा 70 टक्क्यांवर मर्यादित करावा लागला, कारण काही ठिकाणी तो 198 टक्क्यांपर्यंत असल्याचे सरकारच्याच पाहणीत आढळले होते. बनवणाऱ्यापेक्षा विकणारा इतके कमावत असेल, तर संशोधनात पैसा कोण घालणार?

म्हणून सरकारी निविदांमध्ये यंत्राच्या किमतीबरोबर किमान सात वर्षांची देखभाल, सुट्या भागांचे बांधील दर आणि यंत्र बंद राहिल्यास दंड हे सर्व धरूनच कमी दर ठरवावा. चाचणीचे पुरावे भारतीय प्रयोगशाळेचे असताना अमेरिकी किंवा युरोपीय प्रमाणपत्राची अट घालू नये. प्रत्येक विभागातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात उपकरणांच्या चाचणीसाठी स्वतंत्र कक्ष असावा. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने या उद्योगासाठी जाहीर केलेल्या 500 कोटींच्या योजनेत चाचण्यांसाठी मदत आहेच. ती रक्कम अशा कक्षांकडे वळवता येईल. आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात बायोमेडिकल अभियंत्याचे पद कंत्राटी न ठेवता कायम करावे, कारण कोणते यंत्र कशामुळे बंद पडते याची नोंद ठेवून ती उत्पादकापर्यंत पोहोचवणारा माणूस आज या साखळीत जवळजवळ कुठेच नाही.