पाटी मराठी, जिंगल कुणाची?

मराठी पाट्यांचा विषय निघाला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, कायदा झाला म्हणून तरी देवनागरी दिसायला लागली. दुसरा म्हणतो, पाटी बघून कोण खरेदी करतं? २०२२ मध्ये राज्याने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती केली, २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली, २०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासूनच्या हिंदीचा शासन निर्णय आला आणि महिना संपायच्या आत मागे गेला. दर वेळी ग्रुपवर मला एक प्रश्न ठरलेला: "तुमच्या जपानात कसं असतं रे?" जपानी माणूस भाषेबाबत कडवा असणार आणि मी तशी साक्ष द्यावी, अशी त्यामागे अपेक्षा.

साक्ष उलटी जाते. टोकियोत सलून, बेकऱ्या, कपड्यांची दुकानं यांच्या पाट्या सर्रास इंग्रजी नाहीतर फ्रेंच. पाटी जपानीतच हवी असा कायदा नाही. पण टीव्ही लावला की जाहिरातीतलं गाणं जपानीतच सुचलेलं असतं, आणि ते पोराटोरांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पाटीसाठी आपण जेवढे भांडतो त्याच्या पाव हिश्शाने तरी या गाण्यांसाठी भांडायला हवं, असं माझं मत इथे राहून झालंय.

योदोबाशी कॅमेरा या इलेक्ट्रॉनिक्सच्या अवाढव्य दुकानाचं गाणं घ्या. चाल अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या कूचगीताची, म्हणजे शंभर टक्के आयात. शब्द मात्र असे: गोल हिरवी यामानोते लाइन, तिच्या मधून जाते चुओ लाइन, शिंजुकूच्या पश्चिम दारासमोर योदोबाशी. हा रेल्वेचा नकाशाच झाला. मी इथे नवीन असताना राइस कुकर घ्यायला तिथे गेलो होतो. विक्रेता दोन मॉडेलांमधला फरक जीव तोडून समजावत होता आणि डोक्यावरच्या स्पीकरमधून हे गाणं फिरून फिरून येत होतं. कुकरबद्दल काय ऐकलं ते त्याच रात्री विसरलो, चुओ लाइन मात्र कायमची बसली. बिक कॅमेरा हा प्रतिस्पर्धी. त्याची चाल ख्रिस्ती भजनाची, आणि शब्दांत इकेबुकुरो स्टेशनाची गंमत: नावात पश्चिम असलेली सेइबु रेल्वे पूर्वेला, नावात पूर्व असलेली तोबु रेल्वे पश्चिमेला. रोज तिथे गाडी बदलणाऱ्यालाच हसू यावं असा विनोद.

हिताची कंपनीचं झाडाचं गाणं १९७३ पासून चालू आहे. शब्द इतो आकिरा यांचे, संगीत कोबायाशी आसेइ यांचं. हे झाड कसलं, नाव ठाऊक नाही, मग फुलंही ठाऊक नसलेलीच येतील, एवढाच मजकूर. ना फ्रिज, ना लिफ्ट. पडद्यावरचं डेरेदार झाड होनोलुलूच्या मोआनालुआ बागेतलं आहे. जात पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या रेनट्रीची, त्यामुळे मला नाव ठाऊक होतं आणि इथल्या सहकाऱ्यांना नव्हतं, हा भाग वेगळा. माल न सांगण्याची ही खोड जुनी आहे. १९५१ साली खासगी रेडिओ सुरू झाला तेव्हाचं मिकी तोरिरो यांचं पहिलं जाहिरातगीत एका हौशी फोटोग्राफरबद्दल होतं. पैसे फोटोचं सामान बनवणाऱ्या कोनिशिरोकु कंपनीचे, पण गाण्यात कंपनीचं नावच नाही.

लिहिणारे कोण, तेही बघा. इझु द्वीपकल्पावर इतो नावाचं गरम झऱ्यांचं गाव आहे. तिथल्या हातोया हॉटेलचं गाणं लिहिलं नोसाका आकियुकी यांनी, म्हणजे पुढे नाओकी हे साहित्यातलं मानाचं पारितोषिक मिळवणाऱ्या आणि ज्यांच्या युद्धकथेवर जगभर गाजलेला ॲनिमेशनपट निघाला त्या लेखकाने. हॉटेलचा फोन नंबर ४१२६. जपानीत आकडे अनेक तऱ्हांनी वाचता येतात, त्यामुळे तो 'छान आंघोळ' असाही वाचता येतो. गाण्याची जान त्या नंबरात आहे. ओसाकात कानी दोराकु या खेकड्याच्या हॉटेलसाखळीचं गाणं किदा तारो यांचं. हे गृहस्थ २०२४ मध्ये गेले. 'नानिवाचा मोझार्ट' ही त्यांची ओळख. नानिवा म्हणजे जुनं ओसाका. टोकियोत न पोचलेल्या त्यांच्या कितीतरी धून ओसाकात अजून म्हटल्या जातात. इथल्या वाहिन्यांचे परवाने प्रांतवार असतात, स्थानिक दुकान स्थानिक वाहिनीवर जाहिरात देतं आणि तिचं गाणं जवळचाच कुणीतरी लिहितो. प्रांताची बोली जिवंत राहण्याला याचा मोठा हातभार आहे.

सगळंच गोड नाही. रात्रीच्या धंद्यातल्या नोकऱ्यांची जाहिरात करणारे ट्रक शिंजुकु-शिबुयात कर्कश गाणं लावून फिरतात, आणि तेही पोरांना पाठ. टोकियो प्रशासनाने २०२४ मध्ये जाहिरातींच्या ट्रकांचे नियम कडक केले, पण भर आवाजापेक्षा रंगरूपावर.

आता आपल्याकडे. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १९६७ मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूरहून. म्हणजे सुरुवात आपल्या घरातून. आज मराठी वाहिनी लावा, बऱ्याच जाहिराती हिंदीतून आणलेल्या. चालीत मराठी शब्द कोंबलेले, ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरंच. त्यात कपड्यावरचे डाग 'हट्टी' असतात. आमच्या आईच्या तोंडी ते जन्मभर चिवट होते. परक्या शब्दांचं मला वावडं नाही, योदोबाशीची तर चालच परकी. खटकते ती परक्या भाषेतून उचललेली आख्खी ओळ.

जमतं, याचा पुरावाही घरातच आहे. 'उठा उठा दिवाळी आली, मोती स्नानाची वेळ झाली' ही ओळ साबणाची आहे हे विसरून लोक ती दरवर्षी एकमेकांना पाठवतात. तालुक्याच्या बाजारात साडीच्या सेलसाठी फिरणाऱ्या रिक्षाच्या भोंग्यावरची मराठीही बऱ्याच टीव्ही जाहिरातींपेक्षा ठसकेबाज असते.

ही तुलना तशी न्याय्य नाही, कबूल. जपानच्या सुमारे बारा कोटी गिऱ्हाइकांना दुसऱ्या भाषेत माल विकताच येत नाही. आपल्याला हिंदी कळते, म्हणून कंपनी एका जाहिरातीत भागवते. अंड्यांचं 'संडे हो या मंडे' सगळ्या देशासाठी होतं, ते हिंदीत असणं समजू शकतो. पण २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींहून जास्त होते. एवढी बाजारपेठ काही किरकोळ नव्हे. आपण फक्त मागत नाही.

कंपन्यांकडे मागण्याआधी सहकाराकडे मागावं, असं मला वाटतं. जपानच्या मच्छीमार सहकारी संस्थांच्या महासंघाने १९९१ मध्ये लोकांनी मासे जास्त खावेत म्हणून एक गाणं करून घेतलं. मासे खाल्ले की डोकं चालतं, हे त्याचं पालुपद. कडव्यांत प्रेमाच्या गप्पा आणि त्या गप्पांच्या क्रियापदांत माशांची नावं लपवलेली. आमच्या सुपरमार्केटात मासळीच्या बर्फापाशी अजून ते लागतं आणि ट्रॉलीत बसलेली पोरं माना हलवतात. दहाएक वर्षं ते असंच काउंटरवर वाजत राहिलं. मग २००२ मध्ये सीडी निघाली आणि धडाक्यात खपली. बांगडा, सुरमई, मांदेली, बोंबील यांना घेऊन असं गाणं मालवणीत किंवा आगरीत का होऊ नये? दुधाचे संघ आपल्याकडे आहेत, द्राक्ष बागायतदार आहेत, हापूसवाले आहेत. त्यांच्या जाहिरातीत बहुतेक वेळा अध्यक्षांचा फोटो असतो.

टीव्ही आता बघतो कोण, असं ग्रुपवर कुणीतरी म्हणेलच. माशांचं गाणं टीव्हीवर नाही, बर्फाशेजारच्या टेपवर मोठं झालं. डेअरीच्या काउंटरला किंवा एसटी स्टँडच्या स्टॉलला एक छोटा स्पीकर पुरतो. कवी तर आपल्याकडे गल्लीगणिक आहेत. त्यांचं मानधन वेळेवर निघेल एवढं संचालक मंडळाने बघावं.